दोन वाजताचं कार्ड

परिषदेत जेवणाची कुपनं केव्हा वाटावीत, या विषयावर मी एके काळी तासभर बोलू शकलो असतो. सकाळी नोंदणीच्या टेबलावर दिली तर माणसं चहा पितात, पिशवी उचलतात, कुठंतरी गडप होतात आणि एक वाजता थेट जेवणाच्या रांगेत उगवतात. म्हणून कुपनं आभारप्रदर्शन संपल्यावर द्यायची, तीही दारात उभं राहून, एकेकाच्या हातात. हा शोध माझा. अकरा वर्षं आमच्या मंडळाची वार्षिक परिषद मी भरवली आणि अकरा वर्षांत आभार मानताना सभागृह कधी रिकामं दिसलं नाही.

आमचं मंडळ म्हणजे भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत माल तपासणाऱ्यांचं. त्यात मोठ्या कंपन्यांतले मॅनेजर आहेत, एमआयडीसीतल्या शेडमधले इन्स्पेक्टर आहेत आणि आपला पीस आपणच मोजणारे मशीनवरचे ऑपरेटरही आहेत. दिवाळीच्या सुट्टीत ताथवड्याचं एक इंजिनिअरिंग कॉलेज आम्हाला जागा द्यायचं. दिवस गुरुवारचा, कारण भोसरीची सुट्टी गुरुवारची. व्यासपीठावर खुर्च्या किती, मधली कुणाची, शाल आधी की नारळ आधी, समई पेटवताना कुठला पंखा बंद करायचा, पाहुण्यांचा ड्रायव्हर जेवला का, हे सगळं माझ्या डोक्यात असायचं. पाहुणे बोलत असताना मागच्या रांगांत डुलक्या चालायच्या, त्या मला दिसायच्या. पण झोपलेला माणूसही हजेरीत धरता येतो.

दोन वर्षांपूर्वी तिनं हे सगळं पाच मिनिटांत मोडीत काढलं.

ती म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी चाकणला माझ्या हाताखाली ट्रेनी म्हणून आलेली मुलगी. मायक्रोमीटर आवळायचा नाही, नुसता टेकवायचा, हे तिला मी शिकवलं. माइक तोंडापासून किती लांब धरायचा, हेही मीच. पुढे ती मोठ्या कंपनीत गेली, माझ्याहून वरच्या पदावर बसली आणि तरी मला सर म्हणत राहिली. तिच्या प्रगतीचा मला फार आनंद आहे, असं मी चारचौघांत सांगायचो. चारचौघांत सांगावं लागतं, यातच काय ते आलं.

आकुर्डीला आमच्या अध्यक्षांच्या घरी कार्यकारिणीची बैठक होती. अध्यक्ष म्हणजे निवृत्त वर्क्स मॅनेजर, कुणाला न दुखावणारे गृहस्थ. मी पाहुण्यांची यादी वाचत होतो. ती मध्येच म्हणाली, यंदा पाहुणे नकोत. वक्तेही नकोत. कार्यक्रमपत्रिका तर छापायचीच नाही. सकाळी एक रिकामा फळा लावायचा, त्यावर फक्त खोल्या आणि वेळा आखलेल्या. ज्याला काही विचारायचं आहे किंवा सांगायचं आहे, त्यानं ते एका कार्डावर लिहावं, उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवावं आणि फळ्यावर हव्या त्या खोलीत, हव्या त्या वेळेला लावावं. ज्यांना तो विषय हवा, ते तिथं जातील. नियम एकच. जिथं आपल्याला काही मिळत नाही आणि आपण काही देतही नाही, तिथून उठायचं आणि दुसऱ्या खोलीत जायचं. त्यात कुणाचा अपमान नाही. बंगळुरूला तिनं अशी एक परिषद पाहिली होती.

उठून जायचं म्हणे. इथं मी अकरा वर्षं दारं लावून घेत आलो होतो.

पण मला लागलं ते हे नाही. मी यादी वाचत होतो तेव्हा कार्यकारिणीतले आठही जण सोफ्यावर मागे रेलून बसले होते, एकजण तर फोनमध्ये क्रिकेट बघत होता. ती बोलायला लागली तसे ते एकेक करून पुढे सरकले. क्रिकेटवाल्यानं फोन खिशात घातला. अकरा वर्षांत माझ्या बोलण्यावर कुणी असं पुढे सरकून बसलेलं मला आठवेना. सरळ सांगतो, मला हेवा वाटला. नुसता वाटला नाही, अंगाचा तिळपापड झाला.

आपली माणसं अशी उठून बोलत नाहीत, मी म्हणालो, फळा रिकामा राहील.

"मग रिकामा राहील, सर," ती म्हणाली. "निदान आपल्याला कळेल तरी."

अध्यक्षांनी एकदा करून बघू म्हटलं आणि मला समतोल म्हणून मार्गदर्शक केलं. मार्गदर्शक म्हणजे ज्याला कुणी रस्ता विचारत नाही असा माणूस. घरी गेल्यावर बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, तोंड का असं झालंय, कारल्याची भाजी तर उद्या आहे. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मुलीचं म्हणणं चुकीचं आहे का?" मी पेपर उघडला.

पुढचे तीन महिने तिची परिषद फसावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. वरून मात्र मदत करत होतो. प्रत्येक बैठकीला जायचो, शंका काढायचो, त्यांना 'अनुभवाचे बोल' म्हणायचो. विषय आलेच नाहीत तर? एकाच विषयावर चार कार्डं आली तर? एखाद्या खोलीत कुणीच गेलं नाही तर? ती प्रत्येक शंका वहीत लिहून घ्यायची आणि माझे आभार मानायची. खरं तर तिनं एकदा तरी चिडायला हवं होतं.

परिषदेच्या दिवशी मी गाडीच्या डिकीत दोन शाली आणि एक नारळ ठेवला होता, वेळ आलीच तर असावा म्हणून. सभागृहात व्यासपीठ रिकामं होतं आणि खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या, एकात एक तीन गोल. माणसं दारातच घुटमळत होती, कारण पहिली रांग कुठली आणि शेवटची कुठली हे कळत नव्हतं आणि कुठं बसलं की आपण लहान ठरणार नाही हेही कळत नव्हतं. मी आतल्या गोलात, फळ्याच्या बरोबर समोर बसलो.

तिनं नियम सांगितला, कार्डं आणि स्केचपेन मधल्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, आता फळा तुमचा. मग ती बाजूला जाऊन उभी राहिली.

कुणी उठलं नाही.

शे-सव्वाशे माणसं जमिनीकडे बघत होती. कुणीतरी खोकलं, त्याला दुसऱ्यानं खोकून उत्तर दिलं. मी घड्याळ बघत होतो. एक मिनिट गेलं, दीड गेलं. मी उठलो असतो तर माझ्यामागं दहाजण उठले असते, हे मला माहीत होतं. आमच्याकडे ज्येष्ठ माणसानं आधी ताट ओढलं की मग बाकीचे घास घेतात. मी उठलो नाही. हात मांडीवर ठेवून बसलो आणि तिच्याकडे पाहिलं. ती घाबरलेली दिसेल अशी माझी अपेक्षा होती. ती शांतपणे उभी होती, बसस्टॉपवर उभं असतात तशी.

मग बाहेरच्या गोलातून एकजण उठला. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हाताच्या बोटांच्या कडा ऑइलनं कायमच्या काळ्या झालेल्या. त्यानं टेबलाशी वाकून एक कार्ड लिहिलं. लिहायला त्याला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळे त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग तो वळला आणि म्हणाला, "मी भोसरीला एका शेडात ग्रायंडिंगला हाय. माझा विषय असा हाय." आणि त्यानं कार्ड वाचलं. साहेब म्हणतो पास कर, तेव्हा काय करायचं?

सभागृहात एक आवाज झाला. हसणं नव्हतं, टाळ्याही नव्हत्या. शे-सव्वाशे माणसांनी एकदम श्वास सोडल्यासारखं काहीतरी होतं ते. महिनाअखेरीला डिस्पॅच अडलेला असतो, गाडी गेटवर उभी असते, पीस मापाच्या जरासाच बाहेर असतो आणि वरून फोन येतो. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं तो फोन घेतलेला असतो. माझ्यासारख्यांनी तो केलेलाही असतो. त्या माणसानं कार्ड दोन वाजताच्या रकान्यात, तळमजल्यावरच्या एका वर्गात लावलं आणि जागेवर जाऊन बसला.

त्यानंतर टेबलाशी रांग लागली. वीस मिनिटांत फळा भरला. मोजमापाचे वाद, गिऱ्हाइकाच्या ऑडिटची भीती, नवीन पोरांना ड्रॉइंग वाचायला कसं शिकवायचं, रात्रपाळीत डोळे कसे उघडे ठेवायचे. एका बाईंनी तर पुरुषांच्या शेडमध्ये एकटीनं काम करण्यावर कार्ड लावलं. हे सगळे लोक दर वर्षी माझ्या परिषदेला येत होते. यातला एकही प्रश्न त्यांनी अकरा वर्षांत मला विचारला नव्हता. ही पहिली गोष्ट माझ्या मनात यायला हवी होती, पण ती पुढे काही दिवसांनी आली. तेव्हा एवढंच आलं, की हे माझं होतं आणि तिनं नेलं.

मग मीही एक कार्ड लिहिलं. 'शून्य दोष: काल, आज आणि उद्या.' वेळ दोन वाजताची, जागा ड्रॉइंग हॉल, कारण ती सगळ्यात मोठी खोली. दोनलाच त्या ग्रायंडिंगवाल्याचं कार्ड आहे, हे मी पाहिलं होतं. पाहून हसूही आलं होतं. तो कोण आणि मी कोण.

सकाळभर मी खोल्याखोल्यांतून हिंडलो. कुठं दहाजण होते, कुठं तीस. माणसं बोलत होती, भांडत होती, कागदावर चित्रं काढून एकमेकांना दाखवत होती. मध्येच कुणी उठून दुसरीकडे जात होतं आणि कुणाला काही वाटत नव्हतं. ती मात्र काहीच करत नव्हती. चहाच्या पिंपाजवळ खुर्ची टाकून बसली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत होती. मी अकरा वर्षं छातीत धडधड घेऊन धावलो, एका वर्षी तर पाहुणे यायच्या आधी मला उलटी झाली होती. आणि हिची परिषद बसल्या जागी चालली होती. मला तिचा सगळ्यात जास्त राग आला तो तेव्हा.

जेवणाच्या रांगेत मी ताट घेऊन उभा होतो. माझ्या पुढे तिघे आणि मागे दोघे, सगळे ओळखीचे. दोनला कुठं जायचं, असं बोलणं चाललं होतं. पाचही जण त्या ग्रायंडिंगवाल्याकडे जाणार होते. पुढच्याला मी मागे आहे हे कळलं तेव्हा तो गडबडला आणि म्हणाला, सर, तुमचं तर आम्ही नेहमीच ऐकतो.

मी ताट तसंच ठेवलं आणि फळ्याकडे गेलो.

फळा सभागृहाबाहेरच्या पॅसेजमध्ये आणून ठेवला होता. तिथं कुणी नव्हतं, सगळे जेवत होते. मी मनाशी म्हणालो, हे चांगलं नियोजन नाही, दोन मोठे विषय एका वेळेला नकोत, त्याचं कार्ड तीन वाजता सरकवू. तीनच्या रकान्यात जागाही होती. मी कार्ड काढलं. जिन्यावर पावलं वाजली. मी कार्ड शर्टाच्या खिशात घातलं. पावलं वर निघून गेली. तेव्हा ते परत लावता आलं असतं. मी लावलं नाही.

याचा परिणाम काय होईल हे दुसऱ्या कुठल्या जमावात कदाचित सांगता आलं नसतं. कुणीतरी विचारलं असतं, अहो तो सकाळचा विषय कुठं गेला? आमच्याकडे कुणी विचारत नाही. आमच्या लाइनवर फळ्यावर कार्ड असेल तरच माल बनतो. कार्ड निघालं म्हणजे ऑर्डर रद्द झाली, हात थांबवायचे, कारण विचारायचं नाही. कार्ड नाही तर काम नाही, हे वाक्य मी स्वतः शेकडो ऑपरेटरांकडून पाठ करून घेतलं आहे. ते पॅसेजमधून जाताना फळा बघतील, दोनच्या रकान्यात ते कार्ड नसेल आणि ते गुमान दुसरीकडे वळतील, हे मला पक्कं माहीत होतं.

तसंच झालं. ड्रॉइंग हॉलमध्ये चाळीसेक माणसं आली, त्यात रांगेतले ते पाचही जण होते. मी पाऊण तास बोललो. उठून जायचा नियम असूनही एकही उठला नाही, कारण मी सर. मला छान वाटलं. खोटं कशाला बोलू.

बोलणं झाल्यावर मी पाणी प्यायला बाहेर आलो, तर पार्किंगमध्ये तो माणूस मोटरसायकलला पिशवी बांधत होता. पिशवीत जड काहीतरी होतं. मी काय आहे विचारलं, तर त्यानं उघडून दाखवलं. चार पीस होते, जुन्या फडक्यात गुंडाळलेले. तीन वर्षांपूर्वी साहेबांनी पास करायला लावलेले आणि त्यानं बाजूला ठेवलेले. लोकांच्या हातात देऊन दाखवणार होता.

मी विचारलं, निघालात का.

"कार्ड न्हाई फळ्यावर," तो म्हणाला. "माझा विषयच बरा नसंल सर. आता मॅडमनी काढला म्हंजी काय तरी कारण असंल की."

"असेल," मी म्हणालो.

मॅडमना विचारलं का, असं मी त्याला विचारू शकलो असतो. तोच पुढे म्हणाला, रिजेक्ट झालेला पीस परत लाइनवर लावायचा नसतो. मग त्यानं किक मारली आणि गेला.

पाच वाजता सगळे पुन्हा गोलात बसले. ज्याला वाटेल त्यानं दिवसाबद्दल बोलायचं होतं. माणसं भरभरून बोलली. शेवटी ती उठली. मला वाटलं, आता ही सगळ्यांचं कौतुक गोळा करणार. ती म्हणाली, दोन वाजता ती वही घेऊन तळमजल्यावरच्या वर्गात जाऊन बसली होती. ज्या विषयानं दिवस सुरू झाला, तो तिला ऐकायचा होता. तिथं कुणी आलं नाही. तो माणूसही आला नाही. ती बाहेर येऊन फळा बघते तर कार्ड नाही. ते पडलं, की त्यांनीच काढलं, की कुणाच्या तरी दबावामुळे त्यांना काढावं लागलं, तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, सकाळी पहिला उठलेला माणूसच जर दुपारी एकटा घरी जात असेल, तर या पद्धतीत काहीतरी चुकतंय, आणि ही पद्धत मीच आणली आहे.

तिचा आवाज जरा बसला होता. तिला असं पाहण्यासाठी मी तीन महिने थांबलो होतो.

अध्यक्ष तिला दुखवू नये म्हणून म्हणाले, प्रयोग चांगला होता, पण पुढच्या वर्षी आपण सरांच्या पद्धतीनंच करू. बऱ्याच माना हलल्या. खुर्च्या उचलताना ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, एखाद्या खोलीत कुणीच गेलं नाही तर काय, असं तुम्ही विचारलं होतं. मी नुसतं वहीत लिहून घेतलं." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, अनुभवानं येतं. हे वाक्य आठवलं की अजून मला घाम फुटतो.

परिषद मला परत मिळाली होती. ती आणखी पाच दिवस सुखानं माझी राहिली.

पाचव्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. मंडळाच्या पत्रकासाठी मी त्या फसलेल्या सत्राचं व्हाय-व्हाय लिहून द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. व्हाय-व्हाय म्हणजे आमच्या कारखान्यांतला रोजचा कागद. माल खराब झाला की एकाखाली एक पाच वेळा 'का' विचारायचं, मुळापर्यंत जायचं. आणि ऑपरेटरनं उत्तरात 'माणसाची चूक' असं लिहिलं की मी तो कागद परत करायचो. माणसानं चूक केली, बरोबर, पण का केली? पुढे लिही. असं किती जणांना मी रडकुंडीला आणलं असेल.

मी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. सत्राला कुणी का गेलं नाही? कारण फळ्यावर कार्ड नव्हतं. कार्ड का नव्हतं? कारण ते काढलं गेलं. का काढलं गेलं? इथं मी 'नियोजनाच्या दृष्टीनं' असं लिहिलं, वाचलं आणि खोडलं. दुसऱ्या कुणी असं लिहून आणलं असतं तर मी ते त्याच्या तोंडावर फेकलं असतं. बायको समोर मटार सोलत बसली होती. तिनं वर न बघता विचारलं, किती का झाले? मी म्हणालो, दोन. आणि तिसऱ्याचं उत्तर तिला सांगितलं. तिनं मटाराचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, हे मला सांगून काय उपयोग?

मी भोसरीला गेलो. नोंदणीच्या फॉर्मवर शेडचा पत्ता होता. गल्लीत दोन्ही बाजूंना शटर, आत मशीन, बाहेर लोखंडाचा चुरा भरलेली पोती. तो ग्रायंडरवर होता. मला पाहून त्यानं मशीन बंद केलं, हात पुसले आणि चहा सांगितला. शेजारी प्रेस चालू होता, त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागत होतं. अशा गोष्टी मोठ्यानं बोलणं फार अवघड असतं.

तो काहीबाही बोलत होता. मॅडमचे तीन फोन येऊन गेले होते. त्यानं उचलले नव्हते, काय बोलायचं म्हणून. परिषदेवरून आल्यापासून कामात लक्ष नाही, असंही म्हणाला. घरच्यांना मोठ्या तोंडानं सांगून गेला होता, की आज मी कॉलेजात बोलणार.

"तुमचं कार्ड मी काढलं," मी म्हणालो. "माझ्या सत्राला गर्दी व्हावी म्हणून. मॅडमना त्यातलं काही माहीत नव्हतं."

त्यानं हातातला कप खाली ठेवला. प्रेसचे चार-पाच ठोके पडले. शिव्या खायची माझी तयारी होती. खरं सांगायचं तर नुसती तयारी नव्हती, भूक होती. येताना गाडीत मी त्याच्या शिव्या आणि माझी उत्तरं दोन्ही मनात बोलून घेतली होती.

"तुमी काढलं व्हय?" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग काय न्हाई वो सर. मला वाटलं मॅडमनी काढलं."

त्यात टोमणा नव्हता. माणूस खरंच सुखावला होता. त्यानं तिथल्या तिथं फोन काढून तिला लावला आणि प्रेसच्या आवाजात ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. "मॅडम, तुमी न्हवतं काढलं! आपल्या सरांनी काढलं," तो ओरडून सांगत होता, पेढे वाटायला निघाल्यासारखा. पलीकडून ती म्हणाली, "म्हणजे पद्धत चुकली नव्हती?" आणि हसली. सर तिथं आहेत का, असं तिनं विचारलं. आता मात्र ती मला सोडणार नाही, या आशेनं मी पुढे वाकलो.

"सर, बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "पाच दिवस मी माझंच काहीतरी चुकलं म्हणून शोधत होते."

मी म्हणालो, अध्यक्षांना मी स्वतः सांगतो, कागदही लिहितो. ती म्हणाली, "नको सर, तुम्ही कशाला त्रास घेता. मी बोलते त्यांच्याशी. पुढच्या वर्षी पुन्हा फळा लावू." आवाजात राग औषधालाही नव्हता. मग ती त्याच्याशी बोलायला लागली. येत्या गुरुवारी तो मोकळा आहे का, वर्षभर कशाला थांबायचं, वीस-पंचवीस जण त्याच्याच शेडवर आले तर चालतील का. तो म्हणाला, खुर्च्या न्हाईत, पण ऑइलचे ड्रम हायत, त्यावर बसतील. चार पीस होतेच, आणखी दोन त्याला आठवले होते. कार्डाचं नाव कुणी काढलं नाही.

ती माझ्याशी भांडली असती, तर त्या भांडणात तरी मी असतो. त्यानं आई-बहिणीवरून शिव्या दिल्या असत्या, तरी चाललं असतं. दोघांनाही माझ्यावर चिडावंसं वाटलं नव्हतं, कारण दोघांनीही माझ्याकडून कधी काही मिळेल म्हणून वाट पाहिली नव्हती. प्रेस चालू होता, फोन त्याच्या हातात होता, गुरुवारी किती वाजता जमायचं यावर दोघांचं बोलणं चाललं होतं, आणि मी गार झालेला चहा धरून त्या दोघांचा हेवा करत उभा होतो.